सामान्य म्हणजे कुणासारखं?

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न घेतला आहे.)

आजचा विषय संयोजकांनी मला फोनवर सांगितला तेव्हा तो एका वाक्यात होता: असामान्य होण्याची धडपड सोडून सामान्य असणं स्वीकारावं का? विषय ऐकायला सोपा आहे आणि त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ‘हो, स्वीकारावं, त्यातच समाधान आहे.’ असं म्हणून मी खाली बसलो तर टाळ्याही मिळतील. पण मी पडलो साहित्याचा माणूस. त्यामुळे मला आधी विचारावंसं वाटतं की हा जो सामान्य माणूस आपण म्हणतो, तो आपल्या पुस्तकांतून कसा दिसतो? तो खरंच सामान्य असतो का? आणि त्याला सामान्य राहू कोण देतं?

सुरुवात शब्दापासून करू. ‘सामान्य’ हा शब्द आज आपण ‘जेमतेम’ या अर्थाने वापरतो. मुलगा अभ्यासात सामान्य आहे, म्हणजे फारसा हुशार नाही. रुचकर नसलेल्या जेवणालाही आपण ‘सामान्य होतं’ म्हणतो. पण आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनात जगातल्या पदार्थांची वर्गवारी केली आहे: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. तिथे ‘सामान्य’ला कमीपणा नाही. अनेकांमध्ये जे एकच असतं ते सामान्य. सगळ्या गायींमध्ये जे गायपण आहे ते सामान्य. आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळं करतं ते विशेष. म्हणजे मुळात हा शब्द लायकी सांगत नाही, सोबत सांगतो. ‘मी सामान्य आहे’ याचा अर्थ माझ्यात आणि तुमच्यात काहीतरी एकच आहे. आज तासाभरात आपल्याला याच अर्थापाशी पुन्हा यायचं आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. आपण सामान्य माणसाचं कौतुक करायला जातो तेव्हा काय करतो? त्याला असामान्य करून टाकतो. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ 1951 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या पहिल्या पानावर उभा होता. चौकटीचा कोट, धोतर, डोक्यावर विरळ केस. तो कधी एक शब्द बोलला नाही. मंत्री बोलायचे, कंत्राटदार बोलायचे, बायको बोलायची, हा फक्त बघायचा. त्याचं सगळं सामर्थ्य त्या गर्दीत मिसळून जाण्यात होतं. मग आपण काय केलं? त्याचा पुतळा केला. पुण्यात सिंबायोसिसमध्ये एक, मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर एक. मला पुतळ्यांबद्दल तक्रार नाही, लोक प्रेमाने फोटो काढतात. पण गर्दीतल्या माणसाला चौथरा दिला की तो गर्दीतला उरत नाही, एवढंच माझं म्हणणं. वर्तमानपत्रात ‘सामान्य घरातल्या मुलीची भरारी’ असा मथळा येतो तेव्हाही हेच होतं. बातमी भरारीची असते. भरारी घेतली नसती तर ते सामान्य घर कुणाला दिसलं असतं?

म्हणून मी आज अशी पुस्तकं घेतली आहेत ज्यांत भरारी नाही. योगायोग असा की त्यातली तीन एका वर्षाच्या आगेमागे आली. 1963 साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. त्याच 1963 साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. आणि 1964 साली पु. ल. देशपांड्यांचं ‘असा मी असामी’. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झालेली. तीन लेखक, आणि तिघांच्या पुस्तकाच्या मध्यभागी एक साधा माणूस ‘मी’ म्हणून बोलतोय. पण हे तीन ‘मी’ एकमेकांना रस्त्यात भेटले असते तर त्यांनी एकमेकांना ओळखलं असतं का, याची मला शंका आहे.

आधी पुलं, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचे. ‘असा मी असामी’चा नायक धोंडो भिकाजी जोशी. कडमडेकर जोशी, बेन्सन जॉन्सन कंपनीतला कारकून. नावापासून सगळं मुद्दाम बेताचं. शीर्षकातला ‘असामी’ हा शब्दही छान निवडलाय. जुन्या कागदपत्रांत माणसं मोजताना ‘इतके असामी’ असं लिहीत. असामी म्हणजे मोजणीतला एक. तर हा मोजणीतला एक माणूस आपली कथा सांगतो. लहानपण, नोकरी, लग्न, पोरं. काळ बदलतो तसा त्याचा पोशाख बदलतो, चाळीतलं घर जाऊन ब्लॉक येतो, आजूबाजूचे लोक अध्यात्माच्या, संस्कृतीच्या, फॅशनच्या मागे धावतात आणि हा त्यांच्या मागून ओढला जातो. कुठेच तो पुढारी नाही, कुठेच बंडखोर नाही. त्याला कळतं की आपल्याला यातलं काही कळत नाही, आणि ते तो कबूल करतो. त्यातून हसू येतं.

हे हसू फार मोलाचं आहे. त्या काळच्या मराठी आत्मचरित्रांकडे बघा: देशासाठी तुरुंगात गेलेले, संस्था काढलेले, नाटक कंपन्या चालवलेले. आत्मचरित्र लिहायचं म्हणजे आधी काहीतरी कर्तबगारी हवी अशी जणू अटच होती. पुलंनी ती अट मोडली. काहीही न केलेल्या माणसाच्या आयुष्यालाही सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, तो ऐकण्यासारखा असतो, हे त्यांनी घराघरांत पोचवलं. लाखो वाचकांना पहिल्यांदा वाटलं की अरे, हे तर आपलंच चाललंय. सामान्यपणाची लाज काढून टाकण्याचं एवढं मोठं काम मराठीत दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने केलं असेल असं मला वाटत नाही.

तरी टीकाकार म्हणून दोन गोष्टी बोललं पाहिजे. पहिली भाषेची. धोंडो भिकाजी सामान्य आहे, पण त्याची वाक्यं सामान्य नाहीत. ती महाराष्ट्रातल्या सगळ्यात तल्लख विनोदकाराची वाक्यं आहेत. खऱ्या कारकुनाला साडीच्या दुकानात जो घाम फुटतो तो त्याला असा मांडता येत नाही. म्हणजे त्याचं सामान्यपण सुसह्य होतं ते उसन्या प्रतिभेमुळे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धोंडोला स्वतःवर हसणं परवडतं. का परवडतं? कारण त्याच्या पायाखाली जमीन आहे. एकाच कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी. महिन्याला पगार. जात अशी की कुणी घर नाकारत नाही. तो कितीही बावळट ठरला तरी उद्या सकाळी त्याची खुर्ची ऑफिसात असणार आहे. ही खुर्ची पुस्तकात कुठे ठळक दिसत नाही, पण सगळा विनोद तिच्यावर बसलेला आहे.

आता ‘कोसला’. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. हे आपण विसरतो, पण सुरुवातीला त्याला कुणीतरी व्हायचं असतं. कॉलेजात, वसतिगृहात तो पदं घेतो, मेस सांभाळतो, कार्यक्रमांत पुढे होतो, वडिलांचे पैसे खर्च करतो. म्हणजे आज ज्याला आपण व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो ते सगळं करतो. आणि त्यातून कर्ज, फसवणूक आणि नापास होणं एवढंच हाती येतं. मधे धाकटी बहीण, मनी, देवीच्या साथीत जाते. त्या मृत्यूनंतर कादंबरीचा सूरच बदलतो, आणि मला विचाराल तर मराठी कादंबरीतली ती सर्वांत खरी पानं आहेत, कारण तिथे पांडुरंगचा तिरकसपणा त्याला पुरत नाही. शेवटी तो परत गावी येतो. पुस्तक नेमाड्यांनी शंभरातल्या नव्व्याण्णवांना अर्पण केलंय.

या नव्व्याण्णवांवर पिढ्यान् पिढ्या तरुण भाळले. मीही त्यातलाच. पण पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. नव्व्याण्णवांपैकी असणं आणि नव्व्याण्णवांपैकी असल्याचं जाहीर करणं यात फरक आहे. पांडुरंगला शंभरावा होता आलं नाही, म्हणून तो शंभरावं होण्याच्या खेळालाच हसतो. त्याचं हसणं धोंडोपेक्षा कडू आहे, जास्त प्रामाणिकही आहे. पण त्यात एक सूक्ष्म अहंकार आहे: बाकीचे अठ्ठ्याण्णव आपण सामान्य आहोत हे जाणत नाहीत, मी जाणतो. झाला की नाही तो पुन्हा विशेष? त्याची नक्कल करणारे किती तरुण आपण कॉलेजच्या कट्ट्यावर पाहिले. दाढी वाढलेली, परीक्षा बुडवलेली, सगळ्या जगाला तुच्छ लेखणारी. ‘मी अयशस्वी आहे’ हीच त्यांची पदवी.

आणि इथेही जमीन आहेच. या वेळी शब्दशः. पांडुरंग परत जातो तेव्हा गावात घर आहे, शेती आहे, वजनदार बाप आहे. त्या बापाशी त्याचं पटत नाही हे खरं, पण परतीचा दरवाजा उघडा आहे. नापास झालेल्या प्रत्येकाला असा दरवाजा असतो का?

याच वर्षी बागुलांनी जी शीर्षककथा प्रसिद्ध केली तिच्यात हा प्रश्न उभा आहे. कथेतला ‘मी’ शिकलेला दलित तरुण आहे. रेल्वेत नोकरी लागलीय आणि तो गुजरातेत उधन्याला कामावर हजर व्हायला आलाय. आता याला काय हवंय, ते नीट पाहा. याला नेता व्हायचं नाही. याला भरारी घ्यायची नाही. याला हवी आहे नोकरी आणि राहायला एक खोली. म्हणजे धोंडो भिकाजीला जे पुस्तकाच्या पहिल्या पानापासून मिळालेलं आहे तेवढंच. आणि तेवढं मिळवण्यासाठी त्याला जात लपवावी लागते. जात कळते तेव्हा त्याला मारहाण होते. वाचवतो तो काशिनाथ सकपाळ, ज्याने आपली जात लपवलेली नाही आणि म्हणून ज्याचा रोजचा दिवसच भांडणाचा आहे.

मंडळी, मला या कथेचं शीर्षक फार विचार करायला लावतं. ‘चोरली’ हे क्रियापद पाहा. चोरी कशाची असते? दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची. म्हणजे चारचौघांसारखं असणं हीसुद्धा कुणाच्या तरी मालकीची वस्तू होती आणि या माणसाने ती चोरली. सामान्यपण स्वीकारा असं आपण याला सांगायला गेलो तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, अहो, मी स्वीकारायला कधीचा तयार आहे, तुम्ही देता का?

माझ्या आजच्या बोलण्याचा हा मध्य आहे. ‘सामान्य असण्यात समाधान माना’ हा उपदेश ज्याच्या घरात सामान्यपण शिल्लक आहे त्यालाच करता येतो. ज्याचं रोजचं आयुष्य अपमानाचं आहे त्याला असामान्य होण्यावाचून बाहेर पडायची वाट ठेवलेली नसते. दलित आत्मकथनं, अगदी दया पवारांच्या 1978 सालच्या ‘बलुतं’पासून, आपण जिद्दीच्या कहाण्या म्हणून वाचतो. मला वाटतं हे वाचन अपुरं आहे. शाळेत जाणं, नोकरी लागणं, शहरात भाड्याने घर मिळणं, या गोष्टींसाठी जिद्द लागावी हीच तर त्या पुस्तकांची तक्रार आहे. लेखकाच्या जिद्दीला आपण टाळ्या वाजवतो तेव्हा ती तक्रार आपण ऐकलेलीच नसते.

इथे कुणी म्हणेल, सर, हे साठ वर्षांपूर्वीचं झालं. बरं, पुढे येऊ. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असं म्हणता येत नाही, गिरण्याच हळूहळू संपल्या. त्यानंतरच्या गिरणगावावर जयंत पवारांनी ‘अधांतर’ हे नाटक लिहिलं. धुरी कुटुंब. बापाची पिढी गिरणीत होती. तिसऱ्या पाळीचा भोंगा, खात्यातला सांधेवाला, पगाराच्या दिवशी घरी येणारा खाऊ, सणाला बोनस. यात कुणी असामान्य नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

आता त्या घरातली मुलं बघा. एकाला लेखक व्हायचंय. एकाचं सगळं लक्ष क्रिकेटमध्ये. एक गुंडगिरीत जाऊन ‘भाई’ झालाय. वरवर पाहता तीन स्वभाव, पण मला त्यात एकच गोष्ट दिसते. बापाची साधी नोकरी या मुलांसाठी उरलेली नाही. म्हणून प्रत्येकाला ‘कुणीतरी’ व्हावं लागतंय. गिरणी चालू असती तर लेखक व्हायचं स्वप्न पाहणारा मुलगा दिवसा पाळी करून रात्री लिहीत बसला असता, क्रिकेटवाला रविवारी मैदानावर गेला असता. तिसरा कदाचित नुसता तापट कामगार झाला असता. मधला मजला कोसळला की माणसाला गच्चीवर तरी चढावं लागतं नाहीतर तळघरात तरी जावं लागतं. नाटकाचं नावच ‘अधांतर’ आहे.

आणि हे फक्त लालबाग-परळचं राहिलं का? आज आपल्या घरात दहावीचा निकाल लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण चौकातले फलक बंद झाले नाहीत, क्लासच्या जाहिराती बंद झाल्या नाहीत. आपण आईबापांना नावं ठेवतो की हे मुलांना शर्यतीत पळवतात, यांना मिरवायचंय. थोडं मिरवणं असेलही. पण मला त्यांच्या डोळ्यांत हौशीपेक्षा भीती जास्त दिसते. त्यांना ठाऊक आहे की साठ टक्केवाल्याला पूर्वी तलाठी, बँक, एसटी, शाळा, गिरणी, कुठेतरी जागा होती. आज त्या जागेवर अकरा महिन्यांचं कंत्राट आहे. धोंडो भिकाजीची खुर्चीच राहिलेली नाही, आणि आपण मुलांना धोंडोसारखं हसायला शिकवतोय.

म्हणजे मग सामान्य असणं स्वीकारायचंच नाही का? तसं मी म्हणत नाहीये. माझ्या यादीत चौथं पुस्तक आहे, आणि ते या तिन्हींच्या आधीचं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून पुढे ती भागाभागाने आली. लक्ष्मीबाईंचं रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतंच. नवरा रेव्हरंड नारायण वामन टिळक: कवी, विद्वान, देवाच्या शोधात निघालेला, मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा. असामान्य माणूस असावा तर असा. आणि असामान्य माणसाबरोबर संसार करायला लागणं म्हणजे काय, ते लक्ष्मीबाईंकडून ऐकावं.

इथे दोन सोपे मार्ग त्यांना मोकळे होते. एक, नवऱ्याची थोरवी गायची. दुसरा, नवऱ्याचा हिशेब चुकता करायचा. त्यांनी दोन्ही केलं नाही. टिळकांची मोठी कृती आणि घरातलं क्षुल्लक भांडण त्या एकाच आवाजात सांगतात. कोण आजारी होतं, कोण उपाशी होतं, कोण रुसलं, काय शिजलं. त्यांच्या पुस्तकात माणसं याच मापाने मोजली जातात, आणि त्या मापात कवीही येतो, मोलकरीणही येते, रस्त्यावरून घरात आणलेलं पोरही येतं. धोंडोसारखं त्यांना स्वतःला बावळट दाखवायची गरज पडत नाही. पांडुरंगसारखा त्यांना जगाचा कंटाळा येत नाही. त्यांचं सगळं लक्ष समोरच्या गोष्टीवर आहे. मी मोठी की लहान हा प्रश्न विचारायला त्यांना जणू सवडच नाही.

पण मला त्यांचं पुस्तक आज हवंय ते आणखी एका कारणासाठी. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने झपाटलेले होते. त्या सोवळ्यापायी घरच्यांचे काय हाल व्हायचे ते त्यांनी हसत हसत लिहिलंय, आणि ते हसणं अंगावर येतं. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. शिवाशिवीची भिंत त्यांच्याही मनात पक्की होती. पुढे त्या एकत्र राहू लागल्या तरी ती भिंत लगेच पडली नाही. ती नवऱ्याच्या उपदेशाने पडली नाही, नवऱ्याच्या पांडित्यानेही नाही. स्वतः विचार करून, हळूहळू, एकेक वीट काढत त्यांनी ती पाडली. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही, या प्रश्नात काही अर्थ नाही असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि मग त्या तसं वागल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता सुरुवातीचा तो अर्थ आठवा. अनेकांमध्ये जे एकच आहे ते सामान्य. लक्ष्मीबाईंनी काय केलं? जन्माने हाती आलेलं ‘विशेष’ सोडून दिलं. त्या सामान्य झाल्या, पण जेमतेम या अर्थाने नाही. सगळ्यांमधल्या एक झाल्या. आणि बागुलांच्या कथेतला तरुण? त्याच ठिकाणी पोचायला निघालाय, पण दुसऱ्या बाजूने. लक्ष्मीबाईंना तिथे पोचण्यासाठी काहीतरी खाली ठेवावं लागलं. त्याला तिथे पोचण्यासाठी काहीतरी मिळायला हवं होतं, आणि ते देणं ज्यांच्या हातात होतं त्यांनी हातात काठ्या घेतल्या.

म्हणून मला वाटतं, ‘मी सामान्य आहे’ हे एकट्याने खोलीत बसून मान्य करायचं वाक्यच नाही. ते दुसऱ्याकडे बघून म्हणायचं असतं. ते म्हणताना मला काही सोडावं लागतंय का, की मी फक्त स्वतःची समजूत घालतोय? ज्याच्याकडे बघून मी ते म्हणतोय, त्याला तेच वाक्य माझ्याकडे बघून म्हणता येईल का? ही कसोटी लावली तर धोंडो अर्ध्या वाटेवर थांबतो. पांडुरंग मनीच्या मृत्यूपाशी एकदाच पुरा पोचतो, कारण तिथे तो कुणाहून वेगळा नसतो, नुसता एक भाऊ असतो. लक्ष्मीबाई चालत चालत पोचतात. आणि उधन्याच्या त्या तरुणाला दारातूनच परत पाठवलं जातं.

आता एक प्रश्न घेतो, वेळ थोडा आहे.

(प्रश्न: सर, मी चार वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दोनदा थोडक्यात राहिलं. घरी शेती आहे, थोडी. तुमच्या बोलण्यातून मला कळलं नाही की मी थांबावं की नाही.)

हे मी सांगू नये, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कुणी व्याख्यात्याने सांगितलं तरी तुम्ही ऐकू नये. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत, ते वेगळे करून देतो. एक प्रश्न पोटाचा आहे: ही परीक्षा नाही तर दुसरं काय, आणि घरची शेती किती जणांना पुरेल. त्याचं उत्तर हिशेबाच्या वहीत मिळेल. भावाला, आईवडिलांना घेऊन बसा, आकडे मांडा, वयाची अट बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरा प्रश्न असा आहे की यादीत नाव नाही आलं तर मी कोण? या दुसऱ्या प्रश्नामुळे पहिला हिशेब नीट होत नाही. माणूस आणखी एक वर्ष देतो ते कधी कधी नोकरीसाठी नसतं, गावात तोंड दाखवता यावं म्हणून असतं.

त्या दुसऱ्या प्रश्नापुरतं एवढंच सांगतो. शेकडो मुलं तुमच्याबरोबर त्याच अभ्यासिकेत बसतात, तोच डबा खातात. त्यांच्यातल्या एकाचं नाव यादीत आलं म्हणून तो काल तुमच्यासारखा होता हे खोटं ठरत नाही. आणि तुमचं आलं, तर कृपा करून एक करा. टेबलाच्या पलीकडे बसाल तेव्हा समोर दाखल्यासाठी जो माणूस उभा असेल त्याला बसायला सांगा. त्याचं काम एका खेपेत करा. आपण आज ज्याला सामान्य माणूस सामान्य माणूस म्हणत होतो, तो शेवटी तिथे त्या टेबलासमोर उभा असतो, आणि त्याला विशेष वागणूक नको असते. रांगेतल्या पुढच्याला जी मिळाली तीच हवी असते.

वेळ झाली.